ऑपरेशन यशस्वी झालं, मग दिसतं किती?

आमच्याकडे आंधळ्या माणसाला आंधळा म्हणत नाहीत, हाफिजजी म्हणतात. पलीकडच्या हिंदू आळीत त्यालाच सूरदास म्हणतात. दोन्ही शब्दांत अदब आहे. ज्याला दिसत नाही त्यानं कुरआन तोंडपाठ करावं किंवा भजन गावं आणि गावानं त्याला मान द्यावा, अशी ही जुनी व्यवस्था. पण या व्यवस्थेत माणसं दोनच प्रकारची असतात, दिसणारी आणि न दिसणारी. माझी भाची यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. तिच्यासाठी आमच्या बोलीत शब्दच नाही.

ती आता चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. उजव्या डोळ्यानं तिला उजेड कळतो आणि डोळ्यासमोर हात हलला तर तो कळतो, बाकी काही नाही. डाव्या डोळ्याला मायनस नऊचा चष्मा आहे आणि तो लावून नजर ६/२४ येते. म्हणजे चांगली नजर असलेला माणूस जे अक्षर चोवीस मीटरवरून वाचतो, ते वाचायला तिला सहा मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. ती पुस्तक नाकाजवळ धरून वाचते, अनोळखी जिना उतरताना भिंतीला बोट लावते आणि मोबाइलवर माझ्यापेक्षा भराभर टाइप करते. लग्नाकार्यात भेटणारे पाहुणे हमखास विचारतात, "हिला दिसतं की नाही?" हो म्हटलं तर खोटं वाटतं आणि नाही म्हटलं तर त्याहून खोटं. ती स्वतः हल्ली विचारते, "काय दाखवायचंय?"

गेल्या चौदा वर्षांत मी तिच्यासोबत अनेक दवाखान्यांच्या बाकांवर बसलो. तिथं भेटणाऱ्या प्रत्येक आईबापाचा एकच प्रश्न असतो: ऑपरेशन यशस्वी होईल ना? डॉक्टर "पडदा बसला तर यशस्वी" म्हणतात आणि आईबाप "दिसायला लागलं तर यशस्वी" असं ऐकतात. या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे, ते मला लिहायचं आहे.

आधी आजार समजून घेऊ. आईच्या पोटात बाळाच्या डोळ्याच्या पडद्याला सुरुवातीला रक्तवाहिन्या नसतात. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास त्या डोळ्याच्या मागच्या बाजूनं, नस जिथून डोळ्यात शिरते तिथून फुटू लागतात आणि हळूहळू कडेकडे पसरत जातात. नाकाकडची कड साधारण छत्तिसाव्या आठवड्यात भरते, कानाकडची कड पूर्ण दिवस भरता भरता. बाळ सातव्या महिन्यात जन्मलं, तर हे काम अर्ध्यावर असतं. बाहेर आल्यावर त्याला पोटातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन मिळतो आणि वाहिन्यांची वाढ थबकते. पुढे काही आठवड्यांनी वाहिन्या न पोहोचलेला पडदा वाढू लागतो, त्याची भूक वाढते आणि तो रक्त मागू लागतो. मग वाहिन्या पुन्हा फुटतात, पण या वेळी वेड्यावाकड्या, नको तिथं, कच्च्या. त्यांच्याबरोबर दोऱ्यांसारखे धागे तयार होतात. धागे आखडले की पडदा ओढला जातो आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा सुटतो. याला 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी' म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं 'आरओपी'.

हे सगळं आत घडत असताना बाळाचा डोळा बाहेरून अगदी छान दिसतो. लाल होत नाही, चिपडं येत नाहीत, पाणी गळत नाही. आणि एवढंसं बाळ कुणाकडे बघतंय की नुसतं टक लावून आहे, हे कुणाला कळणार? बाहुलीत पांढरट झाक दिसू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

आमच्या घरी हेच झालं. बहीण सोलापूरकडे दिली होती. एकोणतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी साडेअकराशे ग्रॅमची. सातव्या दिवशी अकीका व्हायचा, तेव्हा पोर काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये होती. मेहुण्यानं तिच्या कानात अजान दिली ती पेटीच्या गोल खिडकीला तोंड लावून, आणि आवाज जाईल इतकीच. पाच आठवड्यांनी पोर घरी आली, हाताच्या तळव्याएवढी, पण जिवंत. सगळं घर शुक्राच्या नमाजा पढत होतं. दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, डोळे तपासून घ्या म्हणून. ती कुणी वाचून दाखवली नव्हती आणि तिच्यापुढे तारीखही नव्हती. बहिणीनंच ती वाचली आणि विचारलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चिल्ला हो जाने दो, बाद में लेके जाते." चाळीस दिवस बाळंतीण आणि बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही. आणि हे चाळीस दिवसही जन्मापासून न मोजता घरी आल्यापासून मोजले गेले.

सासूबाईंना दोष देणं सोपं आहे, पण त्यांनी पाच मुलं याच रिवाजानं जगवली होती. ज्या काळात बाळंतपणानंतरचा ताप आणि बाळाचा अतिसार घरोघरी माणसं नेत होता, त्या काळात चाळीस दिवस आईला आणि बाळाला गर्दीपासून दूर ठेवणं शहाणपणाचंच होतं. हिंदू घरांत सव्वा महिना पाळतात, त्याचंही मूळ तेच असावं. फरक एवढाच की तेव्हा साडेअकराशे ग्रॅमचं बाळ चाळिसाव्या दिवसापर्यंत पोहोचतच नसे. रिवाज पूर्ण दिवसांच्या बाळासाठी तयार झाला आणि लागू झाला सातव्या महिन्यातल्या बाळाला. धर्माचं म्हणाल तर हनफी फिकहमध्ये चाळीस दिवस ही निफासची जास्तीत जास्त मुदत आहे. त्या काळात बाईला नमाज-रोजाची सूट आहे. दवाखान्यात जाऊ नये असं त्यात काहीच नाही.

दहाव्या आठवड्यात लसीसाठी नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिलं आणि विचारलं, "डोळे कुणी बघितले?" त्याच रात्रीच्या गाडीनं ते पुण्याला माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत थेंब घालून, पापण्या तारेच्या चिमट्यानं उघड्या ठेवून तपासणी झाली. पोरीच्या रडण्यानं बहीण खोलीबाहेर जाऊन बसली. डावा डोळा तिसऱ्या टप्प्यात होता आणि आजार जोरात होता, पण पडदा जागेवर होता. उजव्या डोळ्याचा पडदा मधल्या भागासकट सुटला होता.

आता मधला भाग म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. पडद्याच्या मध्यावर हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान असा एक ठिपका असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. अक्षर वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं बारीक काम त्याचं. बाकीचा पडदा हालचाल, उजेड, आजूबाजूचं भान देतो. आरओपीचे पाच टप्पे मानतात. चौथ्या टप्प्यात पडदा थोडा सुटतो, त्याचे दोन भाग: मॅक्युला जागेवर असेल तर चार-अ, तोही सुटला तर चार-ब. पाचव्या टप्प्यात सगळा पडदा सुटतो. आमच्या पोरीचा डावा डोळा तीन, उजवा चार-ब.

डाव्या डोळ्याला लगेच लेसर केलं. लेसरनं वाहिन्या न पोहोचलेला कडेचा पडदा जाळतात, म्हणजे तो रक्त मागायचं थांबतो आणि कच्च्या वाहिन्या आपोआप विरतात. थोडक्यात, कडेची थोडी नजर देऊन मधली नजर वाचवायची. शेताचा बांध जाळून आग आत येऊ न देण्यासारखं हे काम. उजव्या डोळ्यावर मोठं ऑपरेशन झालं, व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा द्रव आणि ओढणारे धागे काढून पडदा मोकळा करायचा, म्हणजे तो हळूहळू मागे बसतो. दोन किलोच्या बाळाला भूल द्यायची हीच मोठी जोखीम. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "पडदा बऱ्यापैकी बसला." आम्ही पेढे वाटले.

आज त्याच डोळ्याला फक्त उजेड कळतो. पडदा तेव्हा बसला हे खरंच होतं आणि तो आजही बऱ्यापैकी बसलेला आहे. डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

हे एकट्या आमच्या पोरीचं नशीब नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत १९८६ ते १९८८ या काळात २९१ बाळांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हा लेसरऐवजी अति थंडीनं कडेचा पडदा गोठवत असत. ज्या बाळांचे दोन्ही डोळे सारखेच आजारी होते, त्यांच्या एका डोळ्यावर उपचार केला आणि दुसरा तसाच ठेवला. उपचाराचा उपयोग होतो का, हेच तेव्हा माहीत नव्हतं. मग ही मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. पंधराव्या वर्षी उपचार केलेल्या शंभर डोळ्यांमागे सुमारे ३० डोळ्यांत पडद्याची अवस्था वाईट होती, उपचार न केलेल्यांत सुमारे ५२. म्हणजे उपचारानं मोठाच फायदा झाला. पण नजर मोजली तेव्हा उपचार केलेल्या शंभर डोळ्यांमागे सुमारे ४५ डोळ्यांची नजर ६/६० किंवा त्याहून कमी निघाली. उपचार न केलेल्यांत असे डोळे सुमारे ६४ होते.

३० आणि ४५ या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. पडदा वाईट अवस्थेत असलेले ३०, पण नजर वाईट असलेले ४५. मधले जे पंधरा-एक डोळे आहेत, त्यांत पडदा डॉक्टरांच्या हिशेबानं ठीक होता आणि तरीही नजर आली नव्हती. आमचा उजवा डोळा याच फरकाचा भाऊबंद आहे.

असं का होतं? मॅक्युला एकदा ओढला गेला किंवा काही आठवडे सुटून राहिला, तर परत जागेवर बसला तरी त्यातल्या पेशी पूर्वीसारख्या राहत नाहीत. दुसरं, पाहायला डोळा लागतो तसा मेंदूही लागतो. जन्मानंतरचे पहिले महिने आणि पहिली काही वर्षं मेंदू पाहायला शिकतो. त्या काळात एका डोळ्याकडून धूसर चित्र आलं, की मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. शिवाय फार लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूलाही इजा झालेली असते. मग डोळा दाखवतो, पण मेंदूला ते नीट वाचता येत नाही.

थंडीच्या उपचाराची जागा पुढे लेसरनं घेतली आणि निकाल पुष्कळ सुधारले. अमेरिकेतल्याच पुढच्या एका अभ्यासाचे पहिले निकाल २००३ मध्ये आले आणि लेसर आणखी लवकर करावं हे त्यातून ठरलं. त्या अभ्यासातही काही बाळांचा पडदा सुटलाच. सहाव्या वर्षी ती मुलं तपासली, तेव्हा व्हिट्रेक्टॉमी झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश डोळ्यांत मॅक्युला जागेवर होता आणि चांगली म्हणावी अशी नजर तर मोजक्याच डोळ्यांत होती. चार-अ मध्ये वेळेवर ऑपरेशन झालं, तर वाचता येईल इतकी नजर राहण्याची चांगली आशा असते. चार-ब मध्ये ती झपाट्यानं कमी होते. पाचव्या टप्प्यात कुशल हातांनी ऑपरेशन झालं तरी बहुतेकदा उजेड, सावली, फार तर मोठे आकार एवढंच मिळतं.

मग ते ऑपरेशन करायचंच कशाला? हा प्रश्न मला एका बापानं दवाखान्याच्या जिन्यात विचारला होता. माझ्याकडे डॉक्टरांचं उत्तर नव्हतं, मामूचं होतं. माझी भाची उजव्या डोळ्यानं वाचत नाही, पण उजवीकडून गाडी आली तर दचकते. दार उघडं आहे की बंद हे तिला त्या डोळ्यानं कळतं. डाव्या डोळ्याला उद्या काही झालं, तर दिवस आहे की रात्र एवढं तरी कळेल. ज्याला सगळं दिसतं त्याला उजेड कळण्याची किंमत कळत नाही. मात्र ऑपरेशनपूर्वी आईबापांना हे याच भाषेत सांगायला हवं, की उजेड मिळेल, कदाचित दार-खिडकी मिळेल, पुस्तक मिळेलच असं नाही. अशा वेळी "यशस्वी" हा एकच शब्द पुरत नाही.

आणि डाव्या डोळ्याची गोष्टही लेसर झालं तिथं संपली नाही. आरओपी झालेल्या मुलांत मायनसचा चष्मा, तोही मोठ्या नंबरचा, फार आढळतो. आमची पोर दहा महिन्यांची असताना तिला पहिला चष्मा लागला, मायनस सहाचा. काड्यांना इलास्टिक बांधून डोक्यामागून अडकवायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "एवढ्याशा पोरीला चष्मा? उद्या रिश्ते कसे येतील?" एका आजीनं सुरमा आणून दिला, बहिणीनं तो अदबीनं घेतला आणि कपाटात ठेवला. पोर चष्मा ओढून फेकायची, बहीण पुन्हा घालायची, दिवसातून पन्नास वेळा. पुढे कळलं की तो चष्मा नसता, तर लेसरनं वाचवलेला डोळाही मेंदूनं सोडून दिला असता. लेसरला एक तास लागला होता. ही चष्म्याची लढाई चार वर्षं चालली आणि तिचे पेढे कुणी वाटले नाहीत.

पुढचं ऐका. दर वर्षी थेंब घालून पडदा तपासायचा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर वर्षी पुण्याची फेरी, मेहुण्याची दोन दिवसांची मजुरी बुडणार. पाहुणे म्हणायचे, दिसतंय ना पोरीला, मग कशाला? ती अकरा वर्षांची असताना अशाच एका फेरीत डाव्या पडद्याच्या कडेला बारीक छिद्र दिसलं. त्रास काहीच नव्हता, ना दुखणं ना लाली. त्याच दिवशी छिद्राभोवती लेसर करून ते बांधून टाकलं. फेरी चुकली असती तर त्या छिद्रातून पाणी शिरून पडदा सुटला असता. तिच्याकडे वाचणारा डोळा एकच आहे.

अमेरिकेतल्या त्या पंधरा वर्षांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. दहाव्या ते पंधराव्या वर्षादरम्यान उपचार केलेल्या डोळ्यांपैकी साडेचार टक्के डोळ्यांत पडद्याचं नवं दुखणं उद्भवलं, पडद्याला घडी पडणं किंवा तो सुटणं अशा स्वरूपाचं. तान्हेपणी झालेला आजार शाळेच्या वयात पुन्हा दार वाजवतो. पुढे मोठेपणी मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, काचबिंदू होऊ शकतो, पडदा सुटू शकतो. हल्ली लेसरऐवजी डोळ्यात इंजेक्शन देण्याचाही उपचार आहे. २०११ मध्ये त्यावरचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो पुष्कळ वापरला जातो. कडेचा पडदा जाळावा लागत नाही आणि चष्म्याचा नंबरही कमी राहतो, हे त्याचे फायदे. पण आजार महिन्यांनी परत डोकं वर काढू शकतो, म्हणून त्यानंतर तपासण्या अधिक लांब चालवाव्या लागतात. उपचार कुठलाही असो, कार्ड फेकून देता येत नाही.

या सगळ्यात माणसांचा प्रश्न राहतोच. भाची पाच वर्षांची झाली तेव्हा घरात सल्ला निघाला, शाळेत हिचं काय होणार, मदरशात हिफ्जला बसवा, ऐकून ऐकून पाठ करेल. सल्ला प्रेमाचाच होता आणि हिफ्ज ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यामागे हिशेब असा होता की डोळा गेला म्हणजे वाट एकच उरते. मी त्या बैठकीत हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांची आठवण करून दिली. ते अंध होते. मदिनेत हजरत बिलाल यांच्याबरोबर अजान देत आणि पैगंबर (स.) शहराबाहेर गेले तेव्हा काही वेळा मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. त्यांना दया मिळाली नाही, काम मिळालं. आमच्या पोरीला तर एक डोळा आहे, आणि तिला काय व्हायचं ते तिनं ठरवायचं आहे. ती शाळेत गेली. कुरआनही शिकते, मोठ्या अक्षरांच्या प्रतीवरून, स्वतः वाचून.

शाळेत पहिली दोन वर्षं तिला शेवटच्या बाकावर बसवलं, कारण ती उंच होती. फळ्यावरचं उतरवून घेत नाही म्हणून आळशी ठरली. मग डॉक्टरांचं पत्र नेलं, तेव्हा पहिला बाक मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वापासून वेगळा असा 'अल्पदृष्टी' हा प्रकार नोंदलेला आहे. जो शब्द आमच्या गल्लीत नाही, तो कायद्यात आहे. त्याचं प्रमाणपत्र काढलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, इतर सवलती मिळतात. पुष्कळ आईबाप ते काढत नाहीत, मुलीवर शिक्का बसेल म्हणून. पण शिक्का तर गल्लीनं आधीच मारलेला असतो. कागदावर आला की निदान त्याचा उपयोग होतो.

आता मुळाशी जाऊ, कारण ऑपरेशनच्या निकालाची सगळ्यात खरी गोष्ट ही आहे की ऑपरेशनची वेळ यायलाच नको. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञानं या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत श्रीमंत देशांत सुमारे दहा हजार मुलं यानं आंधळी झाली. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये जन्मले, ते त्यांतलेच एक. पेटीत सढळ हातानं सोडलेला ऑक्सिजन हे कारण असल्याचं पुढे सिद्ध झालं. ऑक्सिजन कमी केला तेव्हा आंधळेपण घटलं, पण काही बाळं दगावू लागली. तेव्हापासून आजतागायत हा तोल सांभाळणं चालूच आहे. आज ही लाट आपल्यासारख्या देशांत आहे. आपल्याकडे अपुऱ्या दिवसांची बाळं जगवणारे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत झाले, ही मोठी कमाई. पण बाळ जगवायची सोय जेवढ्या लवकर गावोगावी पोहोचली, तेवढ्या लवकर त्याचे डोळे तपासणारा माणूस पोहोचला नाही. २०१० या एका वर्षात जगभरात सुमारे वीस हजार बाळं या आजारानं आंधळी किंवा जवळपास आंधळी झाली, असा अंदाज आहे.

उपाय साधा आहे. आपल्या देशाच्या नियमानुसार दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांआधीची किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा लहान बाळं तर दोन ते तीन आठवड्यांतच. म्हणजे आमच्या पोरीचे डोळे घरी येण्याआधी, पेटीजवळच बघायला हवे होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. सुभद्रा जलाली यांनी यासाठी 'तीस दिन रोशनी के' अशी घोषणा केली. कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या रुग्णालयांत जाऊन बाळांच्या पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूतले डॉक्टर ते पाहतात. पुण्यातही ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयासारख्या संस्थांनी हे काम उभं केलं आहे. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या एका मुलीच्या बाजूनं निकाल दिला. ती १९९६ मध्ये सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची जन्मली होती, तिचे डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत आणि ती आंधळी झाली. न्यायालयानं सुमारे १.८ कोटी रुपये भरपाई ठरवली. डोळे तपासायला न सांगणं हा निष्काळजीपणा आहे, हे त्यातून देशाला कळलं. निकाल लागला तेव्हा ती मुलगी अठरा वर्षांची होती.

वेळेवर तपासणी आणि वेळेवर लेसर झालं, तर बहुतेक बाळांचा पडदा सुटतच नाही. डोळा लेसरच्या टप्प्यावर आला, की हातात दोन-तीन दिवस असतात, आठवडे नसतात. आमच्या पोरीच्या दोन डोळ्यांत फरक एवढाच आहे. डावा डोळा वेळेच्या अलीकडे सापडला, उजवा पलीकडे.

म्हणून ज्या घरात सातव्या-आठव्या महिन्यातलं बाळ आलं असेल, तिथं मी तीनच गोष्टी सांगतो. तीस दिवस जन्मतारखेपासून मोजा, घरी आल्यापासून नाही. चिल्ला पाळायचा तर खुशाल पाळा, त्यातला एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरला द्या. आई बाळंतिणीच्या खोलीत राहिली तरी चालेल, बाळाला दादी घेऊन जाऊ शकते, मामू घेऊन जाऊ शकतो. आणि तपासणीत सगळं ठीक निघालं तरी डॉक्टरांना विचारा, "पुन्हा कधी यायचं?" तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि ती इंग्रजीत असेल तर घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.